नाईकनानाचा पगार

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या वाडीत माणसांना प्यायला पाणी नव्हतं आणि नाईकनाना गुलाबाला पाणी घालत होता. आज हे मी कौतुकानं लिहितोय. तेव्हा वाडीतल्या बाकीच्या शहाण्यांसारखा मीही त्याला येडाच म्हणत होतो. आणि मी तर बी.एस्सी. झालेला शहाणा होतो.

आमची वाडी लोणंदपासून चार कोसांवर, माळावर. कॅनॉलचं पाणी खालच्या अंगानं गेलेलं, त्यामुळं आम्ही ते नुसतं बघायचं. नानाचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत लावून. घरात तो, हौसाकाकी, तीन मुली आणि नानाची म्हातारी आई. फौजेतून पंधरा वर्षांनी नाईक म्हणून सुटून आलेला, पण पेन्शन मीठमिरचीपुरती. डावा गुडघा निकामी, त्यामुळं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला तेव्हा मुकादमानं दोन दिवसांत हाकलून दिला. हौसाकाकी आणि थोरली सुमन जायच्या. तिथं मिळालेली सुकडी पदराला बांधून धाकट्यांना आणायच्या. रेशनच्या तांबड्या मिलो जोंधळ्याच्या भाकरी जनावराला टाकल्या तर जनावर आधी मालकाच्या तोंडाकडं बघायचं, त्या भाकरी हे घर दोन्ही वेळा खायचं. काकीच्या कानातली कुडी त्याच उन्हाळ्यात गेली. भोकं बुजू नयेत म्हणून तिनं लिंबाच्या काड्या घातल्या होत्या.

अशा घराच्या परसात बावीस गुलाब जिवंत होते.

त्याची युक्ती साधी होती. घरातल्या प्रत्येकानं आंघोळ गुलाबाच्या वाफ्यातच करायची. मधे एक सपाट दगड टाकलेला, भोवती तरटाचा आडोसा. आज या रांगेत, उद्या त्या रांगेत. दगड रोज हलायचा. पाहुणा आला तरी सुटका नाही. एकदा काकीचा भाऊ आला, तो आंघोळीला बसला आणि आडोशाबाहेरून नानाचा आवाज आला, "मेव्हनं, जरा डावीकडं सरकून पानी घ्या. उजवीकडच्याला काल म्हातारीनं दिलंय."

मेव्हणे त्यानंतर दोन वर्षं आले नाहीत.

"मानसं पान्यावाचून मरत्याती आन ह्यो काट्यास्नी न्हाऊ घालतोय," असं वाडी म्हणायची. खरं तर नाना वाडीच्या पाण्यातला एक तांब्याही जास्त घेत नव्हता. स्वतःच्या अंगावरून गळालेलं पाणी तेवढं वापरत होता. पण हिशेब कळायला डोकं लागतं. आमच्या वाडीत मिशा होत्या.

मिशांवरून आठवलं. आमच्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत. देवळासमोरच्या पारावर रोज संध्याकाळी सुटून आलेल्यांची सभा भरायची. तिचा म्होरक्या म्हणजे नानाचा थोरला भाऊ, सुभेदारदादा. दादाच्या गोष्टींत दर वर्षी शत्रूची माणसं वाढत जायची. नाना पारावर यायचा, एका कडेला डावा पाय लांब करून बसायचा, आणि एक अक्षर बोलायचा नाही. त्यावरून वाडीनं काय अर्थ काढावा? "ज्यानं लय बघितलंय त्यो बोलत न्हाई गड्या. गुडघ्यात गोळी हाय अजून." झालं. न बोलता नाना वाडीतला सगळ्यात मोठा लढवय्या ठरला. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेवढा एक दोष त्याच्यात होता, तो मी झाकत नाही.

दिसायला तो काळासावळा, लुकडा, खाकी अर्धी चड्डी आणि बंडी. चड्डीच्या खिशात सुतळीचं बंडल आणि हाडाच्या मुठीचा छोटा चाकू. रोपं लावायची तर दोन खुंट्यांना सुतळी ताणून. एक जरी रोप बोटभर पुढं आलं तर परत उपटायचा. झाडांशी हिंदीत बोलायचा, तेही परेडच्या हिंदीत. "सीधा खडा रह, नालायक." आम्हा माणसांशी मराठीत बोलायचा, पण मान तेवढाही द्यायचा नाही. मी लोणंदच्या हायस्कुलात सायन्सचा मास्तर म्हणून लागलो होतो. वाडीतला पहिला पदवीधर. वडील दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचे आणि मी बॉटनी घेऊन पास झालेला, त्यामुळं माझी मान जरा ताठच असायची. मला लांबून बघितलं की नाना हाक मारायचा, "या बीएस्सी! कलम भरायला शिकिवलं का कालेजात?"

"पुस्तकात आहे, नाना."

"मग पुस्तकातच फुलं येऊ द्यात."

आमच्या हेडमास्तरांना शाळेपुढं बाग पाहिजे होती. मी नानाचं नाव सुचवलं. हेडमास्तर खूष झाले, कारण त्याला 'श्रमदान' असं भारी नाव देता येत होतं. नाना आठवड्यातून तीनदा लोणंदला चालत यायचा. चार कोस जायचं, चार कोस यायचं, त्या गुडघ्यावर. वर्षभरात शाळेपुढं झेंडूच्या रांगा, कण्हेर, मोगरा, सगळं शिस्तीत उभं राहिलं. शाळेनं त्याला काय दिलं? सव्वीस जानेवारीला एक नारळ. आणि तो नारळ देताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होतो.

त्या बागेत पहाटे चोर यायचे. साधेसुधे नव्हेत, हातात तांब्याची परडी, कपाळाला गंध. फुलं देवाला न्यायची म्हणजे चोरी होत नाही, असा आपल्याकडं पक्का समज. गावातला एक रिटायर अंमलदार रोज मोगरा खुडून न्यायचा. एका सकाळी नानानं त्याला धरला.

"काय करता सायेब?"

"अरे, देवाला चार फुलं. फुलं काय, देवाचीच असतात."

"मग देवाला पाठवा खुडायला. त्येला मी नको म्हननार न्हाई."

अंमलदार चिडून हेडमास्तरांकडं गेले आणि हेडमास्तरांनी नानालाच सबुरीचा उपदेश केला. फुकट राबणाऱ्याला उपदेशही फुकट मिळतो. नाना दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. बाग तीन महिन्यांत वाळली. मग हेडमास्तर मला म्हणाले, "तुमचा माणूस बेभरवशाचा निघाला हो."

या सगळ्यात हौसाकाकीचं तोंड चालू असायचं, आणि त्या घरातलं खरं बोलणारं तेवढं एकच तोंड होतं. "आवं, समद्या मुलखाला फांद्या वाटता. योक तरी मानूस इच्यारतो का, नाईक, चूल पेटली का म्हून?"

"अगं, झाडाची फांदी कुनी इकत घेतं का?"

"न्हाई घेत. म्हून तर कुनीबी मागतं."

आमच्याकडं रीतच तशी. दारातनं जाता जाता "एक फांदी द्या की" म्हणायचं, मोडायची आणि जायचं. भाजीला पैसे, दुधाला पैसे, रोपाला पैसे म्हटलं की माणसं अशी बघायची की जणू उन्हाला पैसे मागितले.

पाऊस झाला, दुष्काळ सरला, आणि त्या हिवाळ्यात मला विलासचं पत्र आलं. विलास म्हणजे साताऱ्याच्या होस्टेलात माझ्या खोलीत राहिलेला पोरगा. सांगलीच्या अलीकडच्या ऊसपट्ट्यातला, बापाचा साठ एकर ऊस. बापाला सगळे आबासाहेब म्हणायचे. आबासाहेबांनी नवा बंगला बांधला होता आणि पुण्याहून पन्नास कलमी गुलाब आणून पुढं लावले होते. वर्ष झालं तरी फूल नव्हतं. 'तू बॉटनीवाला, उपाय कळव,' असं विलासनं लिहिलं होतं. मी दोन पानी उत्तर धाडलं. झाडाला अमुक द्रव्य कमी पडतंय, तमुक सल्फेट घाला. इंग्रजी नावं खाली रेघ मारून लिहिली होती. त्यांनी ते घातलं. महिन्यानं पत्र आलं, 'झाडं आणखी वाढली, फूल नाही.' तेव्हा कुठं मी नानाला घेऊन मिरजेच्या गाडीत बसलो. भिलवडीला उतरून बैलगाडीनं बंगल्यावर गेलो.

बंगल्यापुढं पुरुषभर उंचीचं हिरवंगार काटेरी रान होतं. सऱ्या पाडून पाट काढलेला, पाणी तुडुंब. उसाला देतात तसं. आबासाहेब कमरेवर हात ठेवून उभे. मोठा देह, पांढरा फेटा. "बघा काय जोम हाय! खताची काय कसर न्हाई क्येली. पन फूल म्हनून न्हाई."

नाना आत शिरला, डावा पाय पसरून खाली बसला, एक फांदी वाकवली आणि मला म्हणाला, "बीएस्सी, पानं मोज. योका देठाला किती हायत?"

मी मोजली. "सात."

"कलमी गुलाबाला बहुतेक पाच आसत्यात. ह्ये सात हायत. ह्यो रानगुलाब हाय. कलम ह्यात हायच न्हाई." मग बुडाशी माती उकरून बघितली आणि आबासाहेबांना विचारलं, "लावल्यावर म्हयन्यानं काय केलंसा? खरं सांगा."

आबासाहेबांनी अभिमानानं सांगितलं, "जेठा कोंब मोडला. पन्नासच्या पन्नास. सोता माझ्या हातानं."

उसाच्या बेण्यातून जो पहिला कोंब येतो त्याला आमच्याकडं जेठा कोंब म्हणतात. तो मोडला की बुडातून फुटवे जास्त येतात आणि फुटवे जास्त म्हणजे ऊस जास्त. तीस वर्षं उसानं या माणसाला शहाणा ठरवला होता. त्यामुळं जगात ऊस सोडून दुसरं झाड असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. गुलाबाचा मुख्य कोंब म्हणजेच पुण्याच्या माळ्यानं भरलेला कलमाचा डोळा. तो यानं मोडला, आणि खालून फुटलेल्या रानगुलाबाला वर्षभर युरिया घालून पोसला. आणि मी, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, त्या रानगुलाबाला सल्फेटचा खुराक सुचवला होता.

नाना हसला नाही. नुसता म्हणाला, "मालक, बाप मारून चाकरांची पंगत बसवलीया तुमी."

आबासाहेब क्षणभर तांबडे झाले, मग मोठ्यानं हसले. "आता काय करायचं?"

"बुडं जोरकस हायत. त्यावर नवीन डोळं भरतो. माझ्याकडं हायत."

ते डोळे कुठून आणायचे होते? आंघोळीच्या पाण्यावर जगवलेल्या बावीस झाडांवरून. पुढच्या खेपेला नानानं ओल्या तरटात गुंडाळून फांद्या आणल्या. रान छाटून बुडखे ठेवले. साल चिरायची, नखाएवढा डोळा आत सरकवायचा, केळीच्या सोपटानं बांधायचं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मी ते परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, पूर्ण मार्क होते.

आता इथं आमच्या लोकांची खरी करामत सुरू होते. पहिल्याच दिवशी दुपारी आबासाहेबांनी नानाला विचारलं, "तुमचं आजोळ कुठलं?" नानानं सांगितलं. "तिथं आमच्या चुलतीचं म्हायेर. मग तुमी तर आमचं पाव्हनंच निघालासा!" झालं. दहा मिनिटांत नाना पाहुणा झाला. आणि पाहुण्याला मजुरी कशी द्यायची? त्याचा अपमान नाही का होणार? त्याला पाटावर बसवायचं, मटणाचा रस्सा वाढायचा, आग्रह करायचा, आणि निघताना गुळाची ढेप द्यायची. शेतातल्या गड्याला आठवड्याला रोख मिळायचं. नानाला 'पाव्हणं, बसा की' मिळायचं. पाच महिने तो दर पंधरा दिवसांनी जात राहिला. जाताना डब्यात भाकरी, येताना डोक्यावर ढेप.

घरात ढेपा साठल्या. मुंग्या लागल्या.

सुमन त्या वर्षी मॅट्रिकला बसलेली. हुशार पोरगी. तिला साताऱ्याला नर्सच्या ट्रेनिंगला जायचं होतं. तिथं राहायचं, कपडे, पुस्तकं, म्हणजे दर महिन्याला रोख पैसा पाहिजे. नाही तर काय व्हायचं तेही ठरलेलं होतं. सुभेदारदादानं खंडाळ्याकडचा एक बिजवर बघून ठेवला होता, दोन ट्रक, दोन पोरं, आणि सुमनपेक्षा दुप्पट वय. "हुंडा नगं म्हंतोय," असं दादा म्हणायचा, जणू पोरीवर उपकारच करतोय.

एका रात्री भिंतीपलीकडून काकीचा आवाज आला. "निकाल लागला की दादा सुपारी फोडत्यात. तुमी काय करनार? पोरीला ढेप घिऊन सातारला धाडू?"

"पाव्हन्याकडं पैसं कसं मागायचं?"

"त्येंनी पाव्हनं म्हनलं म्हून तुमी झालासा. मला तर कुनी पाव्हनी म्हनाय आलं न्हाई."

त्या महिन्यात नानानं पारावर जाणं सोडलं.

वैशाखात विलासचा साखरपुडा ठरला. तोवर गुलाब फुलले होते. पन्नासातले त्रेचाळीस धरले होते आणि बंगल्यापुढं तांबड्या, पिवळ्या, दुरंगी फुलांच्या सरळ रांगा उभ्या होत्या. आबासाहेबांनी मुद्दाम मांडव बागेच्या तोंडाला घातला. सांगलीची बडी मंडळी आली होती, व्यापारी, वकील, एक डॉक्टर. मीही होतो. जेवणाआधी आबासाहेबांनी नानाला हाताला धरून पुढं आणला. नाना स्वच्छ धोतर-फेट्यात होता, खांद्यावर ओझं असल्यासारखा.

"ही बाग ह्या आमच्या पाव्हन्यांनी हौसेनं क्येलीय. फौजेतलं मानूस! गोळी अजून गुडघ्यात हाय. सांगा पाव्हनं मंडळींना, कशी लागली."

माणसं सावरून बसली. मला वाटलं, नाना नेहमीसारखा गप्प बसेल आणि निभावून जाईल.

"गोळी न्हाई," नाना म्हणाला. "शेनखताचा ट्रक मागं घेताना ड्रायव्हरनं पायावर घातला."

कुणीतरी हसलं. आबासाहेबही हसले. "लय चेष्टेखोर हायत."

"चेष्टा न्हाई. लढाई पेटली तवा मी पार लांब छावनीत हुतो. कर्नलसायबाच्या बंगल्याम्होरं डेलियाला काठ्या बांधत हुतो. पंधरातली नऊ वर्सं मी त्येच काम क्येलं. बाईसायबानं मला डोळं भराय शिकिवलं. बंदूक कवातरी हातात यायची, पुसायला. मी माळी हुतो, आबासायेब. सरकार मला त्याचा पगार देत हुतं."

नानाचा आवाज चढला नव्हता.

"आन हितंबी मी माळीच हाय. पाव्हन्याला जेवान घालत्यात, माळ्याला पगार देत्यात. पाच म्हयनं मी दोनी खुंट्यांच्या मधी लोंबतोय. आता तुमी ठरवा."

आबासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आपल्यातला मानूस असून चारचौघांत पैशाची भाषा करता? माळी म्हनून घेता सोताला? जनाची न्हाई तर मनाची?"

"मनाचीच हाय म्हून बोललो."

पंगत बसत होती. कुणीतरी नानाला म्हणालं, "बसा, बसा, नंतर बघू." नाना बसला नाही. चप्पल घातली आणि फाटकाकडं चालू लागला. डावा पाय ओढत, पण सरळ रांगेत.

मी बसलो. हे लिहायला हवं. नानाबरोबर मी आलो होतो, त्याच्याबरोबर उठायला हवं होतं. पण शेजारी वकील होते, समोर ताट आलं होतं, आणि मला वाटलं की बी.एस्सी. झालेल्या माणसानं माळ्याच्या मागं पळत जाणं बरं दिसणार नाही. रस्सा चांगला होता. मी दोनदा घेतला.

उठले ते डॉक्टर. चष्मेवाले, उतारवयाचे, सांगलीत दवाखाना असलेले. फाटकाशी त्यांनी नानाला गाठलं. काय बोलणं झालं ते नानानंच नंतर सांगितलं.

"माझ्याकडे याल का? आठवड्यातून दोन दिवस. महिन्याला पगार देईन."

"जेवान?"

"जेवण तुमचं तुम्ही आणायचं."

"मग येतो," नाना म्हणाला.

वाडीत बातमी आमच्याआधी पोचली. गोळी नव्हती, ट्रक होता, आणि ट्रकात शेण होतं, हे कळल्यावर पाराला जे दुःख झालं ते कुणी मेल्यावरही होत नाही. इतकी वर्षं फुकट अभिमान बाळगला म्हणून माणसं चिडली होती. सुभेदारदादा दारात येऊन ओरडला, "घरान्याचं नाक कापलंस! कुनब्याच्या पोटचा, फौजेतला गडी, आन लोकाच्या दारात फुलमाळी?"

नाना वाफ्यात बसला होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, तुमच्या समद्या लढाया ऐकल्या मी. योकदा तरी सांगा, त्यात तुमी सोता कुठं हुता?"

दादा आला तसा परत गेला. त्याचा बिजवर मात्र लगेच फिरला. माळ्याची पोरगी त्याला नको होती. हौसाकाकीनं त्या दिवशी शेजारीपाजारी गूळ वाटला. तेवढ्यापुरत्या ढेपा उपयोगी पडल्या.

डॉक्टरांची बाग बघून शेजारच्या वकिलानं बोलावलं, वकिलाची बघून हळदीच्या व्यापाऱ्यानं. नाना आता आठवड्यातले चार दिवस सांगलीतच राहायचा. नानाच्या अटी ठरलेल्या होत्या. जेवण नको, नातं विचारायचं नाही, आणि मालकानं झाडाला हात लावायचा नाही. व्यापारी म्हणाला, "माझीच बाग, मी हात लावायचा नाही?" नाना म्हणाला, "तुमचं पोटबी तुमचंच हाय. आप्रेशन सोता करता का?"

आबासाहेबांनी दोन महिने ताठा धरला. गुलाबाची छाटणी त्यांनी ऊसतोडीच्या कोयत्यांनी करून घेतली, आणि मग विलासला मध्ये घालून निरोप धाडला. नाना गेला. पण पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ घेऊन गेला, आणि आबासाहेब समोर येताच आधी म्हणाला, "राम राम, मालक." पाहुणं म्हणायची सोयच ठेवली नाही.

आणि आमची वाडी? वर्षभरात पाराची भाषा बदलली. ज्यांनी 'फुलमाळी' म्हणून थुंकी टाकली होती तेच एकेक करून अंधार पडल्यावर नानाच्या दारात यायला लागले. दिवसा यायची लाज वाटायची. "नाना, आमचा धाकला रिकामाच हाय. घ्या की हाताखाली. घरचंच हाय पोरगं."

"घरचं आसंल तर घरी ठेव. कामाचं आसंल तर सकाळी धाड. पगार मिळंल, शिव्या वरनं."

सकाळी आलेल्याला तो सुतळी द्यायचा आणि एक रांग आखायला सांगायचा. वाकडी आली की हाकलायचा. फौजेत जाऊन आलेलेही वाकडी आखायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मला त्यानं त्या पंगतीबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी तोवर बदली होऊन वाईला गेलो होतो. तिथल्या शाळेत बागेचा विषय निघाला तेव्हा मी पगारी माळी ठेवा म्हणून भांडलो, आणि ठेवायला लावला. एवढं केलं म्हणून काही फार मोठा होत नाही. पण केलं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मॅट्रिकचे पेपर तपासायला मी सांगलीला गेलो होतो. बरोबर दोन मास्तर. सकाळी आठच्या सुमाराला बंगल्यांच्या रस्त्यानं चाललो होतो, तर समोरून एक सायकल आली. वाडीतलाच एक गडी ती हाणत होता, आणि मागं कॅरेजवर नाना. मांडीवर कात्र्यांची पिशवी, डावा पाय सिग्नलच्या हातासारखा आडवा बाहेर काढलेला, त्यामुळं येणारी-जाणारी माणसं बाजूला होत होती. दोन्ही बाजूंच्या बंगल्यांची कुंपणं बघत तो मोठ्यानं निकाल देत चालला होता. "ही मेंदी भादरलीय का म्हस? ह्येच्या मालकाला पैला कुंडीत लावा... ह्या जाईला कुनी बांधलंय, फाशी दिल्यागत?"

मी हाक मारली. "नाना!"

सायकल थांबली नाही. त्यानं वळून बघितलं, ओळखलं, आणि माझ्या बरोबरच्या मास्तरांसमोर भर रस्त्यात ओरडला, "बीएस्सी, बरा हायस न्हवं? थांबाय टाइम न्हाई गड्या, आठाचं काम हाय!"

"हे कोण तुमचे?" एका मास्तरानं विचारलं.

"चुलते," मी म्हणालो. "माळी आहेत."

सायकल कोपऱ्यावरून वळली. आधी चाक गेलं, मग नाना, आणि सगळ्यात शेवटी तो ताठ पाय. त्यानंतर मला तो दिसला नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

सुमन ट्रेनिंग पुरं करून तो जाण्याआधीच नर्स झाली आणि सरकारी नोकरीत लागली. तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च नानानं बागकामाच्या पगारातून केला होता.